खडा गेला, जळजळ राहिली

बर्लिन शहरांतील लाझारस रुग्णालयांत १८८२ सालच्या जुलै महिन्याच्या १५ तारखेस कार्ल लांगेनबुख नांवाच्या पस्तीस वर्षांच्या शस्त्रवैद्यानें एका रोग्याचें पोट उघडलें. रोगी त्रेचाळीस वर्षांचा, पेशानें कचेरींतील चिटणीस. उजव्या बरगडीखालीं उठणाऱ्या कळांनीं त्याला सोळा वर्षें छळलें होतें. कळ आली म्हणजे मॉर्फिन, आणि मॉर्फिनचा अंमल उतरला म्हणजे पुढच्या कळेची धास्ती, अशा फेऱ्यांत सांपडून तो त्या औषधाच्या पुरता आहारीं गेला होता व अंगानेंही वाळला होता. लांगेनबुखनें त्या दिवशीं जें केलें तें तोंवर जिवंत मनुष्यावर कोणीं केलें नव्हतें. यकृताच्या खालच्या अंगाला लोंबणारी पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, त्यानें मुळाशीं बांधून सबंध कापून काढलें. आंत दोन खडे निघाले. दुसऱ्या दिवशीं रोग्याला ताप नव्हता, वेदनाही फारशा नव्हत्या, आणि गृहस्थ बिछान्यांत पडल्या पडल्या चिरूट ओढीत होता. बाराव्या दिवशीं तो हिंडूं फिरूं लागला आणि सुमारें सहा आठवड्यांनीं आपल्या घरीं गेला.

त्या चिटणिसाच्या मागून लक्षावधि लोकांनीं आपलें पित्ताशय शस्त्रवैद्याच्या स्वाधीन केलें आहे. परंतु सर्वांनाच त्याच्यासारखा चिरूट ओढण्याचा योग आला नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत असें घडतें कीं, शस्त्रक्रिया उत्तम होते, कळ थांबते, खडे बाटलींत घालून घरीं आणतात, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ते कौतुकानें दाखवितात. आणि दोन-तीन महिने लोटले नाहींत तोंच रोगी कुरकुरूं लागतो. जेवल्यावर पोट फुगतें, ढेकरा थांबत नाहींत, छातींत जळजळ होते, पहाटे घशाशीं कडू पाणी येतें. मग घरांत वाद माजतो. एक म्हणतो, शस्त्रक्रियेंत कांहीं तरी चुकलें. दुसरा म्हणतो, देवानें दिलेला अवयव काढावयासच नको होता. शंभरांहून अधिक वर्षें हा वाद घरोघर चालला आहे, आणि खुद्द शस्त्रवैद्यांनींही तो आपसांत कांहीं कमी हिरिरीनें खेळलेला नाहीं. त्या वादाचा इतिहास पाहिला तर असें दिसून येतें कीं, खड्याची कळ आणि अपचनाची जळजळ या दोन निराळ्या तक्रारी एकाच आरोपीच्या नांवावर बराच काळ घातल्या गेल्या होत्या.

या घोंटाळ्याला शब्दांनींही हातभार लावलेला आहे. आपल्याकडे आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकें दुखलें तरी पित्त, आणि वडील मंडळी रागावलीं तरी त्यांचें पित्तच खवळतें. आयुर्वेदांतील पित्त ही फार व्यापक कल्पना आहे. तिला यकृतांतून झिरपणाऱ्या रसापुरतें आंखडून टाकणें हा त्या शास्त्रावर अन्याय होईल. माधवनिदानांत अम्लपित्त हा निराळा व्याधि म्हणून वर्णिलेला आहे तो याच व्यापक अर्थानें. परंतु घरांत ज्या आंबट पाण्याला पित्त म्हणतात त्यांत यकृताचें पित्त बहुधा थेंबभरही नसतें. तो आंबटपणा जठराच्या स्वतःच्या रसाचा. हा रस म्हणजे साधें हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें १८२३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. यकृताचें पित्त आंबट नसतें. तें कडू असतें, पिंवळें किंवा हिरवट असतें, आणि त्याचा धर्म आम्लाच्या उलट असतो. आंबट आणि कडू यांतील हा भेद पुढें फार उपयोगी पडणार आहे.

ग्रीक लोकांचीही स्थिति आपल्यासारखीच होती. त्यांच्या वैद्यकांत पिंवळें पित्त व काळें पित्त अशीं दोन पित्तें होतीं. पहिलें वाढलें म्हणजे मनुष्य तापट होई, दुसरें वाढलें म्हणजे उदास. मात्र पित्ताच्या पिशवीविषयीं ॲरिस्टॉटलनें एक मार्मिक निरीक्षण करून ठेविलें होतें. घोडा, गाढव, हरिण, हत्ती यांच्या यकृताला ही पिशवी नसते असें त्यानें लिहिलें, आणि ज्यांना ती नाहीं ते प्राणी दीर्घायुषी होतात असा जुन्या लोकांचा समज असल्याचेंही त्यानें नमूद केलें. दीर्घायुष्याचा भाग सोडून देऊं. परंतु हत्तीएवढा प्राणी जर पित्ताशयावांचून सुखानें चरतो, तर मनुष्यालाच त्याचें इतकें काय अडलें आहे, हा प्रश्न त्या निरीक्षणांत दडलेला होता. तो कोणीं तरी मोठ्यानें विचारण्यास दोन हजारांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. सतराव्या शतकांत युरोपांत कुत्र्यांचीं पित्ताशयें काढून पाहण्याचे प्रयोग झाले, कुत्रीं जगलीं, आणि ती गोष्ट पुन्हां विस्मरणांत गेली.

मनुष्याच्या जठरांत पित्त केव्हां येतें हें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याची संधि मात्र एका अपघातानें आली. अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मॅकिनॅक नांवाचें बेट आहे. तेथें १८२२ सालच्या जून महिन्याच्या ६ तारखेस अलेक्सी सेंट मार्टिन या कॅनडाच्या तरुण नावाड्याला अगदीं जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यानें त्याला वांचविलें. पण पोटाची जखम भरून येतांना तिची कड जठराच्या भोंकाला जुळली आणि पोटांत कायमची एक खिडकी राहिली. त्या खिडकींतून बोमाँटनें पुढें कित्येक वर्षें अन्न दोऱ्याला बांधून आंत सोडलें, बाहेर काढलें, रस काढून कांचेच्या नळींत घातला, आणि २३८ प्रयोगांची हकीकत १८३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. बिचाऱ्या सेंट मार्टिनला या शास्त्रसेवेचा मनापासून कंटाळा येत असे व तो मधून मधून पळूनही जाई. १८८० सालीं तो वारला तेव्हां त्याचें जठर डॉक्टरांच्या हातीं पडूं नये म्हणून घरच्यांनीं प्रेत कुजूं दिलें आणि मग खोल खड्ड्यांत पुरलें. त्यांना कोणीं नांवें ठेवूं नयेत.

बोमाँटच्या त्या टिपणांत पित्तासंबंधानें दोन गोष्टी आहेत. निरोगी मनुष्याच्या जठरांत पित्त सहसा आढळत नाहीं. पण सेंट मार्टिन संतापला असतां, किंवा सतत कांहीं दिवस तुपट-तेलकट खात राहिला असतां, जठराच्या रसांत पिंवळें पित्त मिसळलेलें दिसे. म्हणजे पित्त खवळणें ही केवळ म्हण नव्हे, निदान एका नावाड्याच्या पोटांत तरी तें अक्षरशः खरें होतें. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सेंट मार्टिनचें पित्ताशय जागच्या जागीं होतें. तरीही त्याचें पित्त उलटें वर चढत होतें. पित्ताच्या उलट्या वाटचालीला पित्ताशय काढलेलेंच असावें लागतें असें नाहीं, हें येथें १८३३ सालींच छापून निघालें होतें; पुढच्या शंभर वर्षांत तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

खड्यांकडे मात्र शस्त्रवैद्यांचें लक्ष गेलें. अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं १८६७ च्या जून महिन्यांत जॉन बॉब्स यानें एका तीस वर्षांच्या स्त्रीच्या पोटांतील गांठ काढण्यासाठीं पोट उघडलें, तों ती गांठ नसून फुगलेलें पित्ताशय निघालें. त्यानें तें चिरलें, आंतून बंदुकीच्या गोळ्यांसारखे खडे बाहेर आले, त्यानें पिशवी शिवली व पोट मिटलें. बॉब्स तीन वर्षांनीं वारला. ती बाई त्याच्यामागें कित्येक वर्षें जगली. पुढें १८७८ सालीं स्वित्झर्लंडांत कोखर यानें आणि १८७९ सालीं बर्मिंगहॅम येथें लॉसन टेट यानें पिशवी उघडून खडे काढावे व तिचें तोंड पोटाच्या भिंतीला शिवून ठेवावें अशी रीत यशस्वी करून दाखविली. रोगी वांचत, पण पिशवी राही, कधीं भोंक वाहत राही, आणि कांहीं काळानें पिशवींत पुन्हां खडे होत.

लांगेनबुखचें म्हणणें येथें सुरू होतें. खडा हा रोग नसून रोगाचें फळ आहे. खडे घडविणारी पिशवी राहूं दिली तर खडे काढून काय उपयोग, असा त्याचा रोकडा सवाल होता. त्यासाठीं त्यानें ॲरिस्टॉटलचे हत्ती आणि घोडे पुन्हां उभे केले, कुत्र्यांवरील जुने प्रयोग उकरून काढले, आणि कित्येक वर्षें प्रेतांवर हात बसवून घेतला. सत्ताविसाव्या वर्षीं रुग्णालयाचा प्रमुख झालेला हा मनुष्य उतावळा असेल अशी कोणाची समजूत होण्याचा संभव आहे. पण एवढी तयारी करून मग चाकू हातीं घेणाऱ्याला उतावळा म्हणतां येत नाहीं. टेटसारख्या मातब्बर माणसांनीं या नव्या शस्त्रक्रियेला कडाडून विरोध केला. तरी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लांगेनबुखचा पक्ष हळूहळू सरस ठरत गेला. तो स्वतः १९०१ सालीं वारला, आणि तोही पोटाच्याच दुखण्यानें.

मनुष्य पित्ताशयावांचून जगतो हें सिद्ध झालें. पण कसा जगतो? यकृत रोज सुमारें अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत पित्त तयार करतें. पित्ताशयांत मावतें तें अवघें ३० ते ५० मिलिलिटर. मात्र पाणी शोषून घेऊन तें पित्त पांच ते दहापट घट्ट करून ठेवतें. तुपातेलाचें जेवण लहान आंतड्याच्या आरंभीं पोहोंचलें म्हणजे तेथून रक्तांत एक द्रव्य सुटतें, त्याच्या निरोपानें पित्ताशय आकसतें आणि सांठविलेलें पित्त अन्नावर एकदम ओतलें जातें. हें निरोप्या द्रव्य शिकागो येथें आयव्ही व ओल्डबर्ग यांनीं १९२८ सालीं शोधून काढलें. त्यापूर्वीं १८८७ सालीं पेरूजिया येथील रुजेरो ओड्डी या विद्यार्थिदशेंतील तरुणानें पित्तनलिकेच्या तोंडाशीं असलेल्या स्नायूच्या कडीचें वर्णन केलें होतें. ही कडी मिटली म्हणजे पित्त मागें सांठतें, उघडली म्हणजे वाहतें. पित्ताशय काढलेल्या कुत्र्यांत पित्तनलिका रुंदावते असेंही त्याला दिसून आलें.

मुंबईकराला हें समजावून देण्यास फार कष्ट पडूं नयेत. गच्चीवरची टांकी काढली म्हणून नळ बंद होत नाहीं. पाणी येतेंच, फक्त हवें तेव्हां धो धो सोडतां येत नाहीं, आणि नको तेव्हांही थेंब थेंब वाहत राहतें. पित्ताशय काढल्यावर पित्ताचें तसेंच होतें. सामान्य जेवणाचें तूप-तेल पचविण्यास हें झिरपणारें पित्त पुरेसें ठरतें, म्हणूनच बहुतेक लोक कांहीं आठवड्यांत पूर्वीसारखे जेवूं लागतात. कांहींना मेजवानी सोसत नाहीं. कांहींना जास्तीचें पित्त मोठ्या आंतड्यापर्यंत पोहोंचून पातळ शौचास होतें. आणि उपाशी पोटीं झिरपणारें जें पित्त, त्यानें कोणती वाट धरावी, हाच खरा प्रश्न आहे.

रीतसर वाट खालची. पोट रिकामें असतां जठर व आंतडें सुमारें दर दीड तासानें एक लांबलचक हालचाल करून आंतील सगळें पुढें झाडून नेतात. पण ही झाडलोट मंदावली, किंवा जठराचें खालचें दार सैल पडलें, तर आंतड्याच्या आरंभीं सांचलेलें पित्त उलटें जठरांत शिरतें. तेथें आम्लाशीं त्याची गांठ पडली म्हणजे जठराच्या अस्तराला तें झोंबतें, पोटाच्या वरच्या भागीं आग होते आणि उलटी झाली तर ती कडू व हिरवट पडते. या प्रकाराचें अत्यंत उग्र रूप शस्त्रवैद्यांना पहिल्यानें दिसलें तें पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेंत नव्हे, जठराच्या. व्हिएन्ना येथें बिलरोथ यानें १८८१ सालीं कर्करोगानें जडावलेला जठराचा भाग काढला, आणि त्याच वर्षीं त्याचा सहकारी वोल्फलर यानें जठराला थेट लहान आंतड्याचा वेढा जोडला. खालचें दारच चुकविल्यावर पित्ताला अडविणारें कोण? कित्येक रोगी सतत पित्त ओकूं लागले. त्यावर लोझान येथील सेझार रू यानें शतकाच्या अखेरच्या दशकांत आंतड्याची अशी जोडणी काढली कीं, जठराचें अन्न एका फांट्यानें उतरावें व पित्त दुसऱ्या फांट्यानें येऊन खालीं मिळावें. पित्त उलटण्याचा उपद्रव असह्य झाला तर हीच जोडणी आजही शेवटचा उपाय म्हणून करतात.

जठराच्या रोग्यांना पित्ताच्या उलट्या होतात हें माहीत असतांना पित्ताशयाच्या रोग्यांची जळजळ कशाची, याचा शांतपणें विचार व्हावयास हवा होता. झालें उलटें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लीड्सचा विख्यात शस्त्रवैद्य बर्कली मॉयनिहन असें शिकवूं लागला कीं, कळ येण्याच्या कित्येक वर्षें आधीं खडे आपली वर्दी अपचनाच्या रूपानें देतात. पोट फुगणें, ढेकरा, जडपणा ही त्यांची नांदी होय. १९११ सालीं अमेरिकेच्या विल्यम मेयो यानें निरुपद्रवी खडा म्हणून कांहीं असतो हा समजच खोटा आहे असें जाहीर केलें. दोघेही हातानें अद्वितीय आणि वजनदार. त्यांच्या शब्दावर शंका घेणार कोण? मग १९२४ सालीं सेंट लुइस येथें ग्रॅहम व कोल यांनीं पित्तांत उतरणारें रंगद्रव्य शरीरांत घालून क्ष-किरणांनीं पित्ताशयाचें चित्र घेण्याची युक्ति काढली. शोध मोलाचा, पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं, ज्याचें पोट बिघडेल त्याचें चित्र निघूं लागलें, आणि चित्रांत खडा दिसला कीं पोट बिघडण्याचें कारण सांपडलें असें ठरूं लागलें. पुढें सोनोग्राफी आली आणि खडा पाहणें तर चहा पिण्याइतकें सोपें झालें.

हा तर्क किती लंगडा आहे! अपचन ही फार सार्वत्रिक तक्रार, आणि खडेही पुष्कळ लोकांत असतात, विशेषतः प्रौढ स्त्रियांत. दोन सार्वत्रिक गोष्टी एकाच पोटांत आढळल्या तर त्यांत नवल कसलें? ज्यांच्या घरांत मांजर आहे आणि ज्यांचें गुडघे दुखतात अशा आजीबाईही पुष्कळ सांपडतील.

हिशेब नीट तपासण्यास उशीर लागला. पित्ताशय काढल्यावरही राहणाऱ्या तक्रारींवर वोमॅक व क्रायडर यांनीं १९४७ सालीं जो निबंध लिहिला त्यापासून या प्रकाराला वैद्यकांत स्वतंत्र नांव मिळालें. अशा तक्रारी शेंकडा किती रोग्यांत राहतात याचे आंकडे निरनिराळ्या पाहण्यांत पांचापासून चाळीसपर्यंत आले आहेत. इतकें अंतर पडतें याचा अर्थ असा कीं, या एका नांवाखालीं निरनिराळीं दुखणीं कोंबलेलीं आहेत. कोणाच्या नलिकेंत एक खडा मागें राहिलेला असतो. कोणाची ओड्डीची कडी आखडते. कोणाला मुळांत जठरव्रण असतो, कोणाला साधें आम्ल वर चढतें, आणि या दोघांचें पित्ताशय नाहक बळी पडलेलें असतें. १९६३ सालीं प्राइस यानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. त्यानें प्रौढ स्त्रियांना आधीं पोटाच्या तक्रारी विचारल्या आणि मग खडे आहेत कीं नाहींत तें पाहिलें. फुगणें, ढेकरा, तेलकट न सोसणें या तक्रारी खडे असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांत सारख्याच प्रमाणांत निघाल्या. मॉयनिहनची नांदी एका छोट्या तक्त्यापुढें टिकली नाहीं.

मेयोच्या म्हणण्याला उत्तर मिळण्यास एकाहत्तर वर्षें लागलीं. मिशिगन विद्यापीठांतील १२३ अध्यापकांना खडे आहेत पण कसलाही त्रास नाहीं असें आढळलें होतें. ग्रेसी व रॅन्सोहॉफ यांनीं त्यांच्यावर वर्षानुवर्षें लक्ष ठेविलें आणि १९८२ सालीं निष्कर्ष छापला. पंधरा वर्षांत शेंकडा १८ जणांना खड्यांनीं त्रास दिला असता असा त्यांचा हिशेब निघाला. उरलेल्यांचे खडे मुकाट पडून राहिले. निबंधाच्या नांवांतच त्यांनीं मेयोचे शब्द उलटे करून ठेविले आहेत. पंडितांनाही असा सूड आवडतो.

याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा मुळींच नव्हे. खऱ्या खड्याची कळ ज्यानें एकदां सोसली आहे त्याला हें सांगावयास नको. खडा नलिकेंत अडकून कावीळ होणें, पित्ताशय पिकणें, स्वादुपिंडाला सूज येणें या गोष्टी प्राणावर बेततात, आणि तेथें लांगेनबुखचा उपाय अजूनही पहिलाच आहे. मात्र पिशवी काढतां येते, नलिका काढतां येत नाहीं. या दोहोंतील अंतर बोटभरही नसतें, आणि तेवढ्यांत मोठमोठे इतिहास घडून जातात. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचें पित्ताशय १९५३ च्या एप्रिलमध्यें लंडनमध्यें काढण्यांत आलें, तेव्हां त्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हां शस्त्रक्रिया झाली. मग जूनमध्यें बोस्टन शहरीं जाऊन तिसरी करून घ्यावी लागली. तेव्हांपासून नलिकेला सूज येऊन थंडी वाजून ताप येण्याचा विकार त्यांच्या मागें लागला. ईडन पंतप्रधान झाले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं, सुवेझच्या कालव्याचा पेंच ऐन रंगांत असतां, त्यांना १०६ अंश ताप भरला. त्या महिन्यांतील त्यांच्या निर्णयांवर या दुखण्याचा किती परिणाम झाला याबद्दल इतिहासकार अजून भांडतात. १९५७ च्या जानेवारींत त्यांनीं राजीनामा दिला.

लांगेनबुखच्या मोठ्या छेदाच्या जागीं अंगठ्याएवढीं भोंकें आलीं तीं जर्मनींतच. बोब्लिंगेन येथील एरिख म्यूहे यानें १९८५ च्या सप्टेंबरांत पोटांत दुर्बीण घालून पित्ताशय काढलें. पुढच्या वर्षीं जर्मन शस्त्रवैद्यांच्या परिषदेंत त्यानें ती हकीकत सांगितली तेव्हां तिची टिंगल झाली. लांगेनबुखच्या देशाला आपल्याच माणसांची पारख करण्यास नेहमीं वेळ लागतो असें दिसतें. १९८७ सालीं फ्रान्सच्या लियों शहरीं फिलिप मूरे यानें तीच गोष्ट केली आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्या मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं ही शस्त्रक्रिया प्रथम केली, आणि आज तालुक्याच्या गांवींही लोक दुर्बिणीचें ऑपरेशन म्हणून तिचा सहज उल्लेख करतात. रोगी दोन दिवसांत घरीं जातो. पण मार्ग सोपा झाला कीं वर्दळ वाढते. अमेरिकेंत या नव्या पद्धतीनंतर पित्ताशय काढून घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली, आणि हात बसेपर्यंतच्या आरंभींच्या वर्षांत नलिकेला इजा होण्याचे प्रकारही वाढले.

मुळांतला वाद अजून पुरता मिटलेला नाहीं. हॉलंडमधील २४ रुग्णालयांनीं खडे व पोटदुखी असलेले हजारांवर रोगी घेऊन त्यांचे दोन गट केले. एका गटांत डॉक्टरांनीं नेहमींप्रमाणें शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. दुसऱ्या गटांत दुखणें खरोखर खड्याच्या कळेचें आहे काय याची ठराविक कसोटी लावूनच शस्त्रक्रियेची शिफारस केली. २०१९ सालीं लॅन्सेट साप्ताहिकांत याचा निकाल प्रसिद्ध झाला. वर्षानंतर वेदनेपासून पूर्ण सुटका झालेले रोगी पहिल्या गटांत शेंकडा ६० आणि दुसऱ्यांत ५६ निघाले. कसोटी कडक केली तरी दर दहांतले चार दुखत्या पोटानेंच राहिले, ही गोष्ट तज्ज्ञांनाही बुचकळ्यांत पाडणारी ठरली.

आणि उलट्या वाटेनें चढणारें पित्त? शस्त्रक्रियेनंतर जठरांत तें पूर्वीपेक्षां अधिक आढळतें असें कित्येक तपासण्यांत दिसलें आहे. पण सर्वांत नाहीं, आणि ज्यांच्या जठरांत तें अधिक सांपडतें तेच अधिक कुरकुरतात असेंही नाहीं. नळीच्या दुर्बिणींतून पाहणाऱ्या डॉक्टरला पिंवळ्या-हिरव्या पित्ताचें थारोळें पुष्कळदां दिसतें, आणि रोगी म्हणतो कीं त्याला कांहींच होत नाहीं. म्हणून आतां जळजळीची फिर्याद घेऊन येणाऱ्याला पहिल्यानें विचारतात तें असें: पाणी आंबट येतें कीं कडू? ही जळजळ शस्त्रक्रियेनंतरची कीं आधींपासूनची? आम्ल कमी करणाऱ्या गोळीनें ती थांबते काय? आंबट असेल व गोळीनें थांबत असेल तर तो प्राउटच्या आम्लाचा प्रांत. कडू असेल आणि गोळीनें हटत नसेल तर पित्ताला बांधून ठेवणारीं किंवा त्याचा दाहकपणा कमी करणारीं औषधें देऊन पाहतात. कोणाला तीं लागू पडतात, कोणाला नाहीं. आणि जळजळ शस्त्रक्रियेच्या आधींपासूनचीच असेल, तर डॉक्टर जुने कागद काढून त्या वेळीं कळ खरोखर होती कीं नाहीं हें पुन्हां विचारतो. पुष्कळदां रोग्याला तें आठवत नाहीं. घरांतील माणसांना आठवतें.